धडा एकीकडे, पेपर दुसरीकडे

परीक्षा तोंडावर आली की तुम्ही पहिलं काम काय करता? सिलॅबसची झेरॉक्स काढता. मग पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून, पेन्सिल हातात घेऊन बसता. हा मुद्दा तिसऱ्या धड्यात, तो सातव्यात आणि हा मात्र कुठेच नाही, त्यासाठी सिनियरच्या नोट्स गाठायच्या. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या दोस्तांच्या तर ही सवय अंगवळणीच पडलेली असते. पुस्तक एकाने लिहिलेलं, सिलॅबस दुसऱ्याने आखलेला, पेपर तिसऱ्याने काढलेला आणि या तिघांची सांगड घालायची कोणी? तर तुम्ही!

तुम्हाला वाटत असेल की ही खास आपल्याकडची कटकट आहे. तसं अजिबात नाही. न्यू जर्सीतली तुमची एखादी मावसबहीण अकरावीत असेल तर तिला विचारून बघा. ‘एपुश’ म्हटलं की तीही एक मोठा सुस्कारा टाकेल.

‘एपुश’ म्हणजे काय रे भाऊ?

‘एपुश’ हे ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट युनायटेड स्टेट्स हिस्टरी’ या लांबलचक नावाचं लाडकं रूप. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास करायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची, अशी ही ‘एपी’ची योजना. १९५०च्या दशकात ती सुरू झाली आणि ‘कॉलेज बोर्ड’ नावाची संस्था ती चालवते. गुण १ ते ५ मध्ये मिळतात. चांगले गुण पडले तर अनेक कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. म्हणजे पुढे एक पेपर वाचतो आणि त्याची फीसुद्धा वाचते. त्यामुळे मुलं जीव तोडून अभ्यास करतात.

आता गंमत बघा. अमेरिकेत देशभर चालणारं सरकारी इतिहासाचं पुस्तकच नाही. काय शिकवायचं ते राज्यं आणि स्थानिक शाळा-मंडळं ठरवतात. १९९४ मध्ये इतिहासासाठी ऐच्छिक राष्ट्रीय निकष तयार झाले, तेव्हा त्यावर एवढा गदारोळ झाला की १९९५ च्या जानेवारीत सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. एरवी कशावरच एकमत न होणारी मंडळी इतिहासाच्या पुस्तकावर एक झाली! तेव्हापासून राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पण एपुशची परीक्षा मात्र देशभर एकच असते. म्हणून तिचा आराखडा हाच न सांगता राष्ट्रीय अभ्यासक्रम होऊन बसला आहे. पुस्तकं वेगवेगळी, पेपर एक. मग प्रत्येक शिक्षकाला आपलं पुस्तक त्या आराखड्याशी जुळवून घ्यावं लागतं.

नऊ खोके, तीस धडे

हे जुळवणं नेमकं कसं चालतं ते प्रत्यक्षच बघू. एपुशच्या आराखड्यात अमेरिकेच्या इतिहासाचे नऊ कालखंड आहेत. पहिला १४९१ ते १६०७, मग १७५४, १८०० आणि १८४८ पर्यंतचे तीन. पाचवा १८४४ ते १८७७, सहावा १८६५ ते १८९८, सातवा १८९० ते १९४५, आठवा १९८० पर्यंत आणि नववा तिथून आजपर्यंत.

दोन गोष्टी तुमच्या लगेच लक्षात येतील. पहिली, सुरुवात १४९२ पासून नाही, १४९१ पासून आहे. कोलंबस यायच्या आधीही तिथे माणसं राहत होती, शेती करत होती, शहरं वसवत होती, हे त्या एका वर्षाच्या फरकातून सांगितलं आहे. दुसरी, काही कालखंड एकमेकांवर चढलेले आहेत. १८६५ ते १८७७ ही वर्षं पाचव्यातही आहेत आणि सहाव्यातही. ती छपाईची चूक नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेची नव्याने बांधणी चालू होती, त्याच वर्षांत उत्तरेत कारखाने उभे राहत होते आणि पश्चिमेकडे रेल्वे धावू लागली होती. एकाच काळात दोन गोष्टी सुरू असतील तर रेघ कुठे मारणार?

आता पुस्तक घ्या. ‘द अमेरिकन यॉप’ हे कॉलेजसाठीचं पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. शेकडो इतिहासकारांनी मिळून ते लिहिलं आहे आणि त्यात तीस धडे आहेत. ते एपीसाठी लिहिलेलं नाही. त्यामुळे आपल्या कामाला ते अगदी योग्य.

ढोबळ मानाने मांडणी अशी होते : पहिला धडा पहिल्या कालखंडात, दोन ते चार दुसऱ्यात, पाच-सहा तिसऱ्यात, सात ते अकरा चौथ्यात, बारा ते पंधरा पाचव्यात, सोळा ते अठरा सहाव्यात, एकोणीस ते चोवीस सातव्यात, पंचवीस ते अठ्ठावीस आठव्यात आणि शेवटचे दोन नवव्यात. झालं? एवढं सोपं असतं तर काय हवं होतं!

पुस्तकाचा चौथा धडा वसाहतींमधल्या समाजावर आहे आणि तो संपतो सप्तवार्षिक युद्धावर. हे युद्ध अमेरिकेत १७५४ मध्ये पेटलं. म्हणजे आराखड्याच्या हिशेबाने ते तिसऱ्या कालखंडात जातं. आणि ते का, याला कारण आहे. लेखकांच्या दृष्टीने हे युद्ध म्हणजे वसाहतींच्या गोष्टीचा शेवट. परीक्षेच्या दृष्टीने ती क्रांतीची सुरुवात, कारण युद्धाचं कर्ज फेडायला ब्रिटनने कर लावले आणि करांवरून ठिणगी पडली. घटना तीच, पण तिला कुठल्या खोक्यात ठेवता त्यावर तिचा अर्थ बदलतो. जो विद्यार्थी ‘चौथा धडा म्हणजे दुसरा कालखंड’ असं पाठ करून जाईल, त्याला क्रांतीची कारणं लिहिताना हे युद्ध आठवणारच नाही.

पुढचा पेच गुणांचा. पहिल्या आणि शेवटच्या कालखंडाला परीक्षेत प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसऱ्याला ६ ते ८ आणि मधल्या सहा कालखंडांना प्रत्येकी १० ते १७ टक्के वजन आहे. हे आकडे बघितल्यावर तुम्ही काय कराल? प्रामाणिकपणे सांगा. पहिला आणि शेवटचा ‘ऑप्शनला’ टाकाल! तिथेही तोच मोह होतो. म्हणजे जो देश १४९१ पासून गोष्ट सुरू करायची असं ठरवतो, त्याच देशातली मुलं मूळ रहिवाशांचा धडा भरभर उलटू शकतात आणि ज्या काळात ती स्वतः वाढली तो शेवटचा धडा मे महिना आला म्हणून राहून जाऊ शकतो.

पेपर काय मागतो?

नुसते धडे जुळवून भागत नाही, कारण पेपर धडा विचारतच नाही. सव्वातीन तासांच्या या परीक्षेत ५५ बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांना ४० टक्के वजन. तीन लघुत्तरी प्रश्नांना २० टक्के, एका दीर्घ निबंधाला १५ टक्के. आणि २५ टक्के एका खास प्रश्नाला, ज्याला मुलं ‘डीबीक्यू’ म्हणतात. म्हणजे कागदपत्रांवर आधारलेला प्रश्न.

यात सात अस्सल साधनं समोर ठेवली जातात : एखादं पत्र, भाषणाचा तुकडा, व्यंगचित्र, जाहिरात, नकाशा. एक तास वेळ, त्यातली पहिली पंधरा मिनिटं वाचनासाठी. तुम्ही एक दावा मांडायचा आणि किमान चार साधनं वापरून तो सिद्ध करायचा. त्यातल्या किमान दोन साधनांबद्दल हेही सांगायचं की हे कोणी लिहिलं, कोणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत आणि त्यामुळे त्यावर किती विसंबायचं. शिवाय समोर न दिलेला निदान एक पुरावा पदरचा घालायचा.

तो पदरचा पुरावा येतो पुस्तकातून. म्हणजे पुस्तक लागतंच. पण पुस्तक एका आवाजात बोलतं, ‘असं असं झालं’ म्हणून मोकळं होतं. पेपर विचारतो, ‘कशावरून?’ म्हणून चांगले शिक्षक जुळवणीच्या तक्त्यात आणखी एक रकाना ठेवतात : या धड्यासोबत कुठलं अस्सल साधन वाचायचं?

एक मराठी साधन

या रकान्यात आपल्याकडचंही एक साधन बसतं बरं का! आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तो पदवीदान समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्या अमेरिकेत फिरल्या, व्याख्यानं दिली, स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये त्यांचं मराठी पुस्तक आलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’.

आता हे एपुशच्या तक्त्यात कुठे बसवाल? सहावा कालखंड, १८६५ ते १८९८. धडा अठरावा, औद्योगिक अमेरिकेतलं जगणं. १८८६ म्हणजे शिकागोत हेमार्केटचा स्फोट झाला ते वर्ष आणि न्यू यॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा राहिला तेही वर्ष. त्याच अमेरिकेने चारच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशाचं दार बंद करणारा कायदा केला होता. म्हणजे एक दार एका मराठी बाईला डॉक्टर करत होतं आणि दुसरं दार आशियातल्याच मजुराच्या तोंडावर आपटत होतं.

मग डीबीक्यूवाले प्रश्न विचारा. रमाबाईंनी कोणासाठी लिहिलं? मराठी वाचकांसाठी. कशासाठी? इथल्या बायकांना शिक्षण मिळावं, हे इथल्या लोकांना पटावं म्हणून. मग अमेरिकेतल्या बायकांच्या संस्था त्यांना जास्त उजळ दिसल्या असतील का? असतील. मग त्यांचं लिखाण टाकाऊ ठरतं का? मुळीच नाही. तिथल्या वर्णभेदावरही त्यांनी बोट ठेवलं आहे. लेखिकेचा हेतू ओळखून तिचं म्हणणं वाचायचं, एवढंच. हे जमलं की डीबीक्यूच काय, सकाळचं व्हॉट्सअॅप फॉरवर्डसुद्धा तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल.

आणखी एक धागा ओढून बघा. १८८२ चा तो कायदा सहाव्या कालखंडात. १९१७ मध्ये आशियाच्या मोठ्या भागातून, अगदी भारतातूनही, येणाऱ्यांवर बंदी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिकत्व नाही. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच लष्करात होते! १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. १९६५ मध्ये देशवार कोट्यांची पद्धतच मोडीत निघाली. एडिसनमध्ये आज जी मराठी घरं दिसतात, त्यांच्यापुढे दार उघडलं ते या शेवटच्या कायद्याने.

ही एकच गोष्ट, पण पुस्तकात ती तीन कालखंडांत आणि बऱ्याच धड्यांत विखुरलेली. धडे एकामागून एक वाचले तर ती दिसत नाही. आराखड्यातल्या ‘स्थलांतर आणि वस्ती’ या सूत्राने आडवं वाचलं तर लख्ख दिसते. पुस्तक आराखड्याशी जुळवण्याचा हा खरा फायदा आहे.

मुलं वर्गाबाहेर का आली?

इथवर सगळं अभ्यासाचं झालं. पण आराखडा कोण ठरवणार, हा प्रश्न आला की प्रकरण तापतं.

२०१४ मध्ये एपुशचा नवा आराखडा लागू झाला. पाठांतर कमी आणि विचार जास्त, असा त्याचा रोख. त्यात संकल्पना दिल्या होत्या आणि उदाहरणं निवडायचं काम बरंचसं शिक्षकांवर सोडलं होतं. टीकाकारांनी यादी तपासली आणि विचारलं, बेंजामिन फ्रँकलिन कुठे आहेत? मार्टिन लूथर किंग कुठे आहेत? देशाच्या चुकाच मोजल्या आहेत, मोठेपण कुठे आहे? रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने विरोधाचा ठराव केला. दुसऱ्या बाजूने इतिहासकारांच्या सर्वांत जुन्या संघटनेने आराखड्याची पाठराखण केली. यादीत नाव नाही म्हणजे शिकवायचं नाही असं नव्हे, हे कॉलेज बोर्डाला पुन:पुन्हा सांगावं लागलं.

त्याच सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो राज्यातल्या जेफरसन काउंटीच्या शाळा-मंडळात एक प्रस्ताव आला. हा अभ्यासक्रम तपासायला समिती नेमावी. शिकवण्याच्या साहित्यातून देशभक्ती आणि अधिकाराबद्दलचा आदर वाढावा. कायदा मोडण्याला त्यातून उत्तेजन मिळू नये. झालं! शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. तुमच्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान मुलं ही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकणाऱ्यांनी कायदा मोडला नव्हता का? मग ते शिकवायचं की नाही?

ऑक्टोबरात मंडळाने ती वादग्रस्त भाषा गाळली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१५ मध्ये, मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं. त्याआधी जुलै २०१५ मध्ये कॉलेज बोर्डानेही आराखडा सुधारला. राष्ट्राच्या संस्थापकांची नावं आली, अमेरिकेच्या आगळेपणाचा उल्लेख आला. कोणी म्हणालं तोल साधला, कोणी म्हणालं दबावापुढे मान तुकवली. तुमचं मत तुम्हीच बनवा, पण दोन्ही आराखडे शेजारी ठेवून मगच.

यातून एक गोष्ट मात्र पक्की कळते. टीकाकारांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. आराखडा ‘हे शिकवू नका’ असं म्हणत नाही. पण जे त्यात नाही, त्यासाठी वर्षअखेर वेळ उरत नाही. प्रकाशक पुढची आवृत्ती आराखडा बघून काढतात. बंदी न घालताही एखादं नाव असं हळूहळू बाहेर जाऊ शकतं. आणि म्हणूनच हा अधिकार एकाच बाजूच्या हातात असणं धोक्याचं, मग बाजू कुठलीही असो.

आपल्याला हे नवं नाही. २०२३ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचं प्रकरण गेलं. करोनानंतर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करायचा, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. वाद दोन्ही बाजूंनी झाला. पण बारावीला बसलेल्या किती जणांनी गेलेलं प्रकरण मुद्दाम शोधून वाचलं असेल? ‘पेपरला नाही ना, मग सोड’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. धडा काढणाऱ्याचं निम्मं काम आपलं हे वाक्यच करून टाकतं.

चार रकाने आखा

तेव्हा येत्या रविवारी एक काम करून बघा. तुमच्या विषयाचं पुस्तक घ्या, इतिहासच हवा असं नाही. वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात सिलॅबसमधला मुद्दा. दुसऱ्यात पुस्तकातला धडा आणि पान. पूर्ण आहे, अर्धवट आहे की नाहीच, त्याची खूण. तिसऱ्यात धड्याबाहेरचं एक अस्सल साधन : जुनं वर्तमानपत्र, पत्र, खटल्याचा निकाल, गावातला शिलालेख, आजीकडची जुनी वही, जे मिळेल ते.

चौथा रकाना उलटा भरा. पुस्तकात आहे, पण सिलॅबसमध्ये नाही, असं काय काय आहे? बहुतेक जण हा रकाना ठेवतच नाहीत, कारण त्याला गुण नाहीत. पण सप्तवार्षिक युद्ध चुकीच्या खोक्यात पडून हरवतं आणि रमाबाईंचं पुस्तक कुठल्याच खोक्यात नसल्याने कोणाला दिसत नाही. ही दोन्ही सापडली ती अशाच शोधाशोधीत.

पहिले तीन रकाने तुम्हाला पेपरात उपयोगी पडतील. चौथ्यातली एक तरी ओळ परीक्षा संपल्यावर सुट्टीत वाचा. आणि ती मावसबहीण पुन्हा ऑनलाइन दिसली की तिला रमाबाईंबद्दल नक्की सांगा. तिला पदरचा एक पुरावा मिळेल, तोही तिच्या शेजारी बसणाऱ्या कोणाकडे नसलेला.